मुक्त पाठ्यपुस्तकासाठी अनुदान : पहिलं प्रकरण लिहायच्या आधी काय ठरवायचं?

तळटीप :

मुक्त पाठ्यपुस्तक, म्हणजे कुणालाही फुकट वापरता, बदलता आणि वाटता येईल असं पुस्तक, नव्याने लिहायला, किंवा तयार असलेलं आपल्या अभ्यासक्रमाप्रमाणे बेतून घ्यायला, अध्यापकांना अनुदान देणाऱ्या योजना आता बऱ्याच ठिकाणी आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ऑक्टोबर 2012 मध्ये 40 पुस्तकांची योजना जाहीर केली. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठांत 2014 पासून अध्यापकांच्या गटांना अशी अनुदानं मिळू लागली, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, याच कामासाठी 50 लाख डॉलर मंजूर केले. अर्जाचे नमुने वेगवेगळे असले तरी प्रस्ताव फसतात त्या जागा सगळीकडे त्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक लेखनाला हात घालायच्या आधीच्या आहेत. म्हणून हा धागा.

पहिलं ठरवायचं ते असं की पुस्तक नवं लिहायचंय, बेतायचंय की आहे तसं लावायचंय. त्याला एक साधा तक्ता पुरतो. डावीकडे अभ्यासक्रमाचे घटक आणि प्रत्येकाचे तास. पुढे उपलब्ध मुक्त पुस्तकं, एकेका पुस्तकाला एक रकाना. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण करायची : आहे तसं चालेल, दुरुस्ती हवी, नाहीच. तासांच्या हिशेबाने दोन तृतीयांश भाग पहिल्या दोन खुणांत बसला तर खुशाल बेता. अर्ध्याच्या खाली गेला तर बेतण्याच्या नावाखाली नवं पुस्तकच लिहावं लागतं, आणि हातात पैसे मात्र बेतण्यापुरते असतात. हा माझा ठोकताळा आहे. विषयाप्रमाणे आकडा थोडा सरकेल, पण तक्ता न करता अर्ज भरू नका.

पुस्तकं कुठे शोधायची? मिनेसोटा विद्यापीठाची ओपन टेक्स्टबुक लायब्ररी, राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स आणि रसायनशास्त्राच्या पानांपासून वाढत गेलेलं लिब्रेटेक्स्ट्स, या तीन ठिकाणांपासून सुरुवात करा. पहिल्या ठिकाणी पुस्तकांवर अध्यापकांनी लिहिलेली परीक्षणंही असतात, अचूकता, सुसंगती, मांडणी, भाषा अशा 10 निकषांवर. ती जरूर वाचा. "अमुक प्रकरण जुनं झालंय" हे तुमच्याबरोबर आणखी दोन परीक्षक म्हणत असतील, तर ते प्रकरण बदलायला पैसे का हवेत हे वेगळं समजवावं लागत नाही.

फुकट वाचायला मिळतं ते सगळं मुक्त नसतं, हेही सुरुवातीलाच. जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्यात मिसळणं आणि पुढे वाटणं हे पाचही हक्क हातात हवेत. मुक्त शिक्षणसाहित्याचे पुरस्कर्ते डेव्हिड वायली यांची ही पाच हक्कांची मांडणी अनेक अनुदान-योजना प्रमाण मानतात. लेखकाच्या संकेतस्थळावर पीडीएफ ठेवलेली आहे पण परवान्याची ओळ कुठेच नाही, असं पुस्तक तक्त्यातून लगेच काढून टाका.

अर्धविराम :

चांगला धागा. तुमच्या तक्त्यात परवान्याचा रकाना जोडा, आणि तो पुस्तकाला एक न ठेवता प्रकरण, चित्रं, प्रश्नसंच असा वेगवेगळा ठेवा. खरा घोळ तिथेच होतो.

मुक्त पुस्तकांवर बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाना असतो. "सीसी बाय" असेल तर श्रेय दिलं की बाकी मोकळीक. "एसए" लागलं की बदललेलं पुस्तक त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. "एनसी" म्हणजे व्यापारी वापर नाही. "एनडी" म्हणजे बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. त्यामुळे बेतणं किंवा भाषांतर हे उद्दिष्ट असेल तर एनडी पुस्तक कितीही सुंदर असो, ते बाद.

सगळ्यात जास्त अडकवणारी जोडी म्हणजे बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए. ओपनस्टॅक्सचे कॅल्क्युलसचे तिन्ही खंड बाय-एनसी-एसए 4.0 खाली आहेत. विकिपीडियाचा मजकूर जून 2023 पासून बाय-एसए 4.0 खाली आहे. आता कॅल्क्युलसच्या एका प्रकरणात विकिपीडियाचे चार परिच्छेद विणले, तर तयार होणारा मजकूर कोणत्या परवान्याखाली द्यायचा? एक परवाना म्हणतो व्यापारी वापराला बंदी घाल, दुसरा म्हणतो अशी बंदी घालायची नाही. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, म्हणून तो मजकूर प्रसिद्धच करता येत नाही. शेवटच्या महिन्यात हे लक्षात आलं की प्रकरण फोडून पुन्हा लिहावं लागतं. उपाय दोन आहेत. तेवढा भाग स्वतः लिहा. किंवा उतारा मूळ रूपात, स्वतंत्र चौकटीत, त्याच्या परवान्यासकट ठेवा. संग्रहात वेगवेगळ्या परवान्यांच्या गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात, एकजीव करता येत नाहीत.

श्रेयासाठी पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा. उसन्या घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला एक ओळ : शीर्षक, लेखक, दुवा, परवाना आणि त्याची आवृत्ती, आपण काय बदललं. 4.0 आवृत्तीत शीर्षक देण्याची सक्ती नाही, पण बदल केल्याचं सांगण्याची आहे, आणि आधीच्या रूपांतरकाराने केलेल्या बदलांची नोंद पुसायचीही नाही. चूक झालीच तर कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केल्यास 4.0 खालचे हक्क आपोआप परत मिळतात. ही सवलत आहे म्हणून नोंदवही टाळू नका, सहा महिन्यांनी 150 चित्रांचे स्रोत आठवून कुणालाच सापडत नाहीत.

आणि मुखपृष्ठ बदला. ओपनस्टॅक्सचं नाव, चिन्ह आणि मुखपृष्ठ मजकुराच्या परवान्यात येत नाहीत.

पानोपानी :

दोन प्रश्न. एनसी पुस्तक झेरॉक्सच्या दुकानातून पैसे देऊन छापून घेतलं तर तो व्यापारी वापर होतो का? आणि अनुदान देणारे एनसी चालवून घेतात का?

अर्धविराम :

पहिल्याचं उत्तर अमेरिकेपुरतं न्यायालयांनी दिलं आहे. शाळांनी स्वतःच्या वापरासाठी एनसी साहित्य छपाईच्या दुकानातून पैसे देऊन छापून घेतलं, म्हणून हक्कधारकाने फेडएक्स आणि ऑफिस डेपो या कंपन्यांवर दावे लावले होते. 2018 आणि 2019 मध्ये दोन वेगळ्या अपील न्यायालयांनी सांगितलं की दुकान इथे शाळेच्या वतीने काम करतं, त्यामुळे परवान्याचा भंग होत नाही. इतर देशांत हा निकाल बंधनकारक नाही. दुकानाने स्वतःहून प्रती काढून विकायला ठेवल्या तर गोष्ट वेगळी.

दुसरं योजनेच्या नियमांवर आहे. काही ठिकाणी सीसी बायचीच अट असते. माझं मत असं की नवं लिहिताना सीसी बायच घ्या. एनसी लावलं की पुढचा अध्यापक तुमच्याच पुस्तकासमोर वरच्या पेचात अडकतो. आणि एक ध्यानात असू द्या, दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे सहलेखकांना सही करण्याआधी सांगा, नंतर नको.

समीकरण :

अंदाजपत्रकावर कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक प्रस्तावांत लेखकाचं मानधन तेवढं मांडलेलं असतं आणि बाकी सगळ्यापुढे "इतर खर्च" असा एक आकडा. हा आकडाच पुस्तक बुडवतो.

उदाहरण घेऊ. 12 प्रकरणं, प्रत्येकी 7,500 शब्द, म्हणजे 90,000 शब्द. चित्रं 150. भाषासंपादनासाठी 250 शब्दांचं एक पान धरलं तर 360 पानं. हलकं संपादन असेल तर तासाला 5 ते 10 पानं होतात, म्हणजे 36 ते 72 तास, मधला आकडा 54. चित्रांना पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्या वाचकासाठी त्याचं शब्दांतलं वर्णन), चित्रामागे 10 मिनिटं : 25 तास. परवान्यात न बसणारी 40 चित्रं नव्याने काढायची, प्रत्येकी दीड तास : 60 तास. श्रेय आणि दुवे तपासणं, चित्रामागे 5 मिनिटं : साडेबारा तास. दोन विषयतज्ज्ञ परीक्षक, प्रकरणामागे 2 तास : 48 तास. मजकूर मंचावर (ऑनलाइन पुस्तक बांधण्याच्या संकेतस्थळावर) चढवणं, शीर्षकं, तक्ते, समीकरणं नीट बसवणं, प्रकरणामागे 4 तास : 48 तास. शेवटचं मुद्रितशोधन, प्रकरणामागे 2 तास : 24 तास. बेरीज करा, सुमारे 270 तास होतात. यात लेखकाने लिहिलेली एकही ओळ धरलेली नाही.

हे आकडे विषयाप्रमाणे बदलतील. इतिहासाच्या पुस्तकात चित्रांचे हक्क मिळवण्यात जास्त वेळ जातो, गणितात समीकरणं पुन्हा टाइप करण्यात. म्हणून अर्जाआधी एक प्रकरण पूर्ण करून पाहा, अगदी पर्यायी मजकुरासकट, आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ टिपून ठेवा. त्यासाठी पुस्तकातलं सोपं प्रकरण निवडू नका, मध्यम अवघड घ्या. ते तास प्रकरणांच्या संख्येने गुणले की अंदाजपत्रक तयार, आणि अर्जाला जोडायला नमुनाही.

हप्त्यांचंही बघा. पैसे सहसा टप्प्यांनी येतात, आणि शेवटचा हप्ता पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर. चित्रकार आणि संपादक यांचे पैसे मात्र मधल्या काळात द्यावे लागतात. करारात मधल्या हप्त्यासाठी "अर्धं पुस्तक तयार" असं मोघम लिहू नका. "6 प्रकरणं परीक्षकांकडे पाठवली" असं मोजता येईल असं लिहा, म्हणजे हप्ता मागताना वाद होत नाही.

निळी_शाई :

समीकरण, हिशेब पटला. मानधनाऐवजी कार्यभारात सूट मागावी का? की दोन्ही?

समीकरण :

नवं पुस्तक असेल तर सूट मागा. एका सत्रात एक विषय कमी शिकवायला मिळाला तर आठवड्याचे ठरावीक तास सलग हाती येतात, आणि लेखनाला सलग वेळच लागतो. मानधन घेऊन पूर्ण कार्यभार सांभाळला की लेखन सुट्ट्यांवर जातं आणि मुदत टळते. बेतण्याच्या कामाचे तुकडे पाडता येतात, तिथे मानधन चालेल. सूट मागताना विभागप्रमुखांचं पत्र हवं. त्यात सत्र कोणतं, विषय कोणता आणि तो वर्ग कोण घेणार हे तिन्ही लिहिलेलं हवं. "सहकार्य केले जाईल" एवढंच असलेलं पत्र कामाचं नाही.

अनुक्रमणिका :

हक्काचा प्रश्न वर निघालाच नाही. नोकरीत असताना लिहिलेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क कोणाचा? काही संस्थांत अध्यापकाचा, काहींत संस्थेचा, आणि अनुदान किंवा सूट मिळाली की नियम बदलतो असंही काही ठिकाणी आहे. हक्क संस्थेकडे असेल तर अध्यापकाला पुस्तकावर मुक्त परवाना लावण्याचा अधिकारच नसतो. अर्जाआधी संस्थेकडून लेखी घ्या की हक्क लेखकाकडे आहे, किंवा संस्था अमुक परवान्याखाली प्रसिद्धीला संमती देते. दोन ओळींचं पत्र पुरतं, मात्र ते अधिकार असलेल्या व्यक्तीने सही केलेलं हवं.

हेच सहलेखक, आकृत्या काढणारे विद्यार्थी आणि बाहेरचा चित्रकार यांना लागू. पैसे दिले म्हणून चित्राचा हक्क आपला झाला असं नाही. प्रत्येकाकडून काम सुरू होतानाच लिहून घ्या : काय काम केलं, कोणत्या परवान्याखाली दिलं, श्रेयात नाव कसं हवं. विद्यार्थ्याला नाव द्यायचं नसेल तर तोही पर्याय ठेवा.

प्रकाशकाकडून "या पुस्तकापुरती" परवानगी घेऊन चित्र वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. ती परवानगी तुमच्यापुरती असते, पुढे पुस्तक बेतणाऱ्याला मिळत नाही. त्याला ते चित्र काढून टाकावं लागतं आणि भोवतीचा मजकूर अधांतरी राहतो. आलेख असेल तर मूळ आकडे घ्या आणि नव्याने काढा. आकड्यांना स्वामित्वहक्क नसतो, मांडणीला असतो. चित्राची एसव्हीजीसारखी संपादन करता येण्याजोगी फाइल पुस्तकाबरोबरच ठेवा.

पानोपानी :

प्रस्तावात "विद्यार्थ्यांची बचत" मागतात. विद्यार्थीसंख्या गुणिले पुस्तकाची किंमत, एवढं पुरेल ना?

तळटीप :

पुरतं, पण तपासणारा त्यावरच बोट ठेवतो. सगळे विद्यार्थी नवं कोरं पुस्तक घेत नाहीत. कुणी जुनं घेतं, कुणी ग्रंथालयातून, कुणी घेतच नाही. छापील किमतीने गुणलेला आकडा फुगलेला असतो. वरच्या वर्गाला चार प्रश्नांची पाहणी द्या : पुस्तक घेतलं का, कुठून, किती पैसे दिले, न घेतल्यामुळे काय अडलं. वर्षाला 180 विद्यार्थी आहेत आणि पाहणीत 10 पैकी 6 जणांनी पुस्तक घेतलेलं दिसलं, तर 108 जणांचा प्रत्यक्ष खर्च हीच बचत. उरलेल्या 72 जणांची बचत शून्य आहे, पण त्यांच्या हातात पहिल्यांदाच पुस्तक येणार आहे. हे स्वतंत्र वाक्यात लिहा. माझ्या मते प्रस्तावातलं ते सगळ्यात वजनदार वाक्य असतं.

परिणाम मोजायचा असेल तर आधीच्या दोन सत्रांचे निकाल आणि विषय सोडणाऱ्यांचं प्रमाण आत्ताच मिळवून ठेवा. संशोधन म्हणून प्रसिद्ध करायचं असेल तर नैतिकता समितीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी लागते, नंतर मिळत नाही.

करडा_खडू :

पुस्तक कुठे आणि कशात बांधायचं यावर थोडं. बेतण्यासाठी पीडीएफ निरुपयोगी आहे. त्यातून मजकूर काढला की शीर्षकांचे स्तर, तक्ते, तळटिपा सगळं विस्कटतं, आणि जोडाक्षरांच्या लिपीत तर अक्षरंच तुटतात. मूळ लेखकाकडे किंवा मंचाकडे मूळ फाइल मागा : लाटेक (समीकरणांच्या मजकुरासाठीची अक्षरजुळणी प्रणाली), वर्ड, ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा प्रेसबुक्स या पुस्तक बांधण्याच्या मंचावरची निर्यात, काहीही चालेल. तक्ता करतानाच "मूळ फाइल मिळते का" हाही एक रकाना ठेवा.

प्रेसबुक्स हे वर्डप्रेसवर उभं आहे, त्यामुळे शिकायला सोपं. लिब्रेटेक्स्ट्समध्ये तिथलीच प्रकरणं ओढून नवं पुस्तक जुळवता येतं. गणिताचं प्रमाण जास्त असेल तर लाटेकमध्ये लिहून मंचावर न्या. समीकरणं चित्र म्हणून कधीच चिकटवू नका. पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे फक्त "चित्र" एवढंच ऐकू येतं, आणि पुढच्या रूपांतरकाराला त्यातला एक अंकसुद्धा बदलता येत नाही.

सुगम्यता, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांनाही पुस्तक वापरता येणं, लिहितानाच सांभाळायची. शीर्षकांचे स्तर क्रमाने, तक्त्याला पहिली ओळ शीर्षकाची, तक्त्यात चौकटी एकत्र जोडायच्या नाहीत, मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 ला 1, मोठ्या अक्षरांना 3 ला 1. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या दुसऱ्या पातळीची (एए) ही मर्यादा आहे. "लाल रेषा पाहा" असं लिहू नका, रेषेला नाव द्या. पर्यायी मजकुरात चित्र कसं दिसतं यापेक्षा ते तिथे कशासाठी आहे ते सांगा. आलेख असेल तर वळण कुठे आहे, वाढ की घट, तेवढं दोन वाक्यांत, आणि आकडे शेजारच्या तक्त्यात. हे काम शेवटाला ठेवलं की 'समीकरण' यांनी वर सांगितलेले 25 तास दुप्पट होतात, कारण चित्र तिथे का घातलं होतं हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही.

निळी_शाई :

अगदी. प्रश्नसंचाबद्दल कुणी सांगेल का? पुस्तक मुक्त केलं तर उत्तरंही सगळ्यांना दिसणार.

करडा_खडू :

परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात घालू नका. सरावाचे प्रश्न उत्तरांसकट पुस्तकात, परीक्षेचे प्रश्न आणि सोडवलेली उत्तरं वेगळ्या साठ्यात. अध्यापक आहे याची खात्री करून ती द्यायची. योजनेची अट "सगळं मुक्त" अशी असेल तर करारातच या साठ्याचा अपवाद लिहून घ्या. आणि स्लाइडा व प्रश्नसंच यांना अंदाजपत्रकात जागा ठेवा. ते नसतील तर दुसऱ्या संस्थेतला अध्यापक पुस्तक चाळतो आणि जुन्याच पुस्तकाकडे परत जातो.

अनुक्रमणिका :

आता पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरचं, कारण अनुदान तिथे संपतं आणि चुका तिथे सापडायला लागतात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चूक कळवण्याचा दुवा द्या. आवृत्तीला क्रमांक द्या : शुद्धलेखन आणि चुकलेले अंक यांच्यासाठी 1.1, 1.2, प्रकरण बदललं तर 2.0. सत्र चालू असताना उदाहरणांचे क्रमांक बदलायचे नाहीत. गृहपाठात "4.12" दिलंय आणि पुस्तकात ते 4.13 झालंय, एवढ्यानेही वर्गात तासभर वाया जातो. दुरुस्त्या साठवा, सत्र संपल्यावर एकदम चढवा आणि बदलांची यादी पहिल्या पानावर टाका. जुनी आवृत्ती काढून टाकू नका, तिच्या दुव्यावर कुणाचा तरी अभ्यासक्रम उभा असतो.

दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे हा खरा प्रश्न. अनुदानातली शिल्लक बहुतेक ठिकाणी मुदत संपल्यावर परत करावी लागते. म्हणून अर्जातच मुदत लेखनाची दोन सत्रं, वर्गात वापराचं एक सत्र आणि दुरुस्तीचे दोन महिने अशी मागा, आणि शेवटच्या टप्प्याला वेगळी रक्कम लिहा. वर्गातलं ते सत्र गाळलं की पहिल्या आवृत्तीतच चुका राहतात. त्यानंतरची जबाबदारी व्यक्तीवर न ठेवता विभागावर किंवा ग्रंथालयावर ठेवा. संपादनाचा प्रवेश निदान दोघांकडे असावा, मूळ फाइली संस्थेच्या साठ्यात असाव्यात. लेखक दुसरीकडे गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर परवाना कितीही मोकळा असला तरी पुस्तकातलं एक अक्षरही कुणाला दुरुस्त करता येत नाही.